सम्राटाचे मारेकरी आणि इतर सज्जन

ज्या युद्धात आजवर एकाही खऱ्या माणसाला साधं खरचटलेलंसुद्धा नाही, त्या युद्धावरून माझा भाचा आणि माझा वकील मित्र यांचं दिवाळीनंतर बोलणं बंद झालं. अगदीच बंद नाही. "मामा, त्यांना म्हणावं रिमोट द्या," इतपत चालू असतं. दोघं एकाच सोफ्यावर बसतात, मध्ये मी बसतो, आणि हातभर अंतरावरचे निरोप इकडून तिकडं पोचवायचं काम माझ्याकडं आलेलं आहे. वकिलांना सगळं ऐकू येत असतं. तरी मी पुन्हा सांगेपर्यंत ते छताकडं बघत बसतात.

भांडणाचं मूळ म्हणजे स्कायरिम. बेथेस्डा नावाच्या अमेरिकन कंपनीनं हा गेम ११ नोव्हेंबर २०११ रोजी, म्हणजे ११-११-११ असा मुहूर्त साधून बाजारात आणला. २०१६ साली रंगरंगोटी करून तोच पुन्हा आणला. २०१७ साली हातात धरून खेळायच्या यंत्रावर आणला. २०२१ साली दहा वर्षं झाली म्हणून आणला. दर वेळी आम्ही "आता कशाला, आहे की घरात" असं म्हणालो आणि दर वेळी घेतला. सहा कोटींच्या वर प्रती खपल्याचं त्याचे दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांनी २०२३ साली सांगितलं होतं. त्यातल्या आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत किती आहेत, हे बायकोला नेमकं ठाऊक नाही आणि तिनं विचारलंच तर माझं उत्तर 'एक, पण वेगवेगळ्या डब्यांत' असं तयार आहे.

स्कायरिम हा टॅम्रिएल नावाच्या खंडाच्या उत्तरेचा बर्फाळ मुलूख. तिथं नॉर्ड लोक राहतात. धिप्पाड, दाढीवाले, शीघ्रकोपी. वर साम्राज्य आहे, आणि त्या साम्राज्याला थाल्मोर नावाच्या उंच, पिवळ्या आणि अत्यंत तिरसट एल्फांनी एका मोठ्या युद्धात मेटाकुटीला आणलेलं आहे. शेवटी तह झाला. तहात एक कलम घातलं: टॅलोस देवाची पूजा बंद. हा टॅलोस मूळचा माणूस, साम्राज्याचा संस्थापक, पुढं देवपदाला गेलेला. नॉर्डांचं लाडकं दैवत. झालं, अल्फ्रिक स्टॉर्मक्लोक नावाच्या सरदारानं बंड पुकारलं, साम्राज्यानं जनरल टुलियस यांना ते मोडायला धाडलं आणि खेळणाऱ्यानं बाजू निवडायची वेळ आली.

एवढीच गोष्ट. पण ती ऐकून माणूस गप्प बसत नाही, हा माझा अनुभव आहे. सांगितल्यावर लगेच म्हणतो, "पण चूक कोणाची?"

आमच्याकडं दर शनिवारी रात्री हा खटला चालतो. वकील साम्राज्याच्या बाजूचे. दिवसभर कोर्टात 'पुढची तारीख' ऐकून आलेल्या माणसाला शिस्त, कवायत, शिक्के मारलेले हुकूम यांचं आकर्षण असतं. भाचा अल्फ्रिकचा. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्या वयात बंड कुठल्याही मुद्द्यावर चालतं. तिसऱ्या आमच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टर. त्या दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालून बसतात, त्यामुळं संध्याकाळी समोरचा बोलायला लागला की त्यांना त्याचं अप्रूप नसतं. त्या दोन्ही पक्षांच्या विरुद्ध आहेत. चौथा मी, तटस्थ. तटस्थ माणसाला दोन्ही बाजूंनी मान मिळतो असं ज्यानं कोणी सांगितलं, तो कधी दोन पक्षांच्या मधल्या सोफ्यावर बसलेला नाही.

गेमची सुरुवात मोठी नामी आहे. आपण डोळे उघडतो ते थेट बैलगाडीसारख्या एका घोडागाडीत. हात बांधलेले. समोर रालोफ नावाचा बंडखोर, शेजारी एक रडका घोडेचोर, आणि तोंडात बोळा कोंबलेला अल्फ्रिक. गाडी हेल्गन गावी जाते, तिथं मुंडकी उडवायचा कार्यक्रम असतो. हॅडवार नावाचा एक भला शिपाई यादी वाचतो. आपलं नाव यादीत नसतं. तो विचारतो, आता काय करायचं? त्याची वरिष्ठ बाई म्हणते, यादी राहू दे, याला ठोकळ्याकडं ने.

"हे तुमचं कायद्याचं राज्य!" भाचा दर वेळी इथं टाळी मागतो. "नाव नाही, गुन्हा नाही, आणि मुंडकं!"

"लिपिकाची चूक," वकील म्हणतात. "अपिलात सुटला असता."

"मुंडकं गेल्यावर?"

"अपील वारसांना करता येतं."

आई आमची मटार सोलत असते. ती हा प्रसंग इतक्या वेळा बघून बसली आहे, की तिला त्या गाडीतली माणसं नातेवाइकांइतकी पाठ आहेत. तिचं मत पहिल्यापासून ठाम आहे. तिच्या लेखी अन्याय झाला तो घोडेचोरावर. "सगळे म्हणतात आम्ही देशासाठी, आम्ही धर्मासाठी. तो बिचारा एकटाच खरं सांगत होता, की मला मरायचं नाही." तो घोडेचोर जीव घेऊन पळतो आणि चार पावलांवर तिरंदाज त्याला आडवा करतात. आई तेव्हा शेंग हातात धरून थांबते. घोडेचोराचा पक्ष काढावा असं आम्हाला कधी सुचलं नव्हतं.

मग ड्रॅगन येतो, गाव पेटतं, आणि धावपळीत आपल्याला रालोफमागून जायचं की हॅडवारमागून, ते ठरवावं लागतं. माझं निरीक्षण असं, की जगातले निम्मे स्कायरिमवाले आपलं सगळं राजकीय तत्त्वज्ञान या धावपळीत ठरवतात. जो दरवाजा जवळ, ती विचारसरणी. एकदा रालोफनं हातातल्या दोऱ्या कापल्या, की टॅलोसवरचा अन्याय, धर्मस्वातंत्र्य, परक्यांची सत्ता हे सगळं पुढच्या आठवड्यात वाचून काढायचं असतं. वकिलांनी एकदा, जरा प्रसन्न मनःस्थितीत असताना, खरं सांगितलं होतं. पहिल्यांदा खेळले तेव्हा त्यांना कॅमेरा फिरवता येत नव्हता. ते चुकून हॅडवारच्या अंगावर जाऊन आपटले आणि त्याच्याच दारातून आत गेले. तेव्हापासून ते साम्राज्यवादी आहेत. भाच्यानं तर बंडखोर अधिकाऱ्यांच्या डोक्यावरचं अस्वलाचं मुंडकं पाहून पक्ष निवडला. साम्राज्याचे शिपाई बर्फात गुडघे उघडे टाकून हिंडतात, हा त्याचा साम्राज्यावरचा मूळ आक्षेप. बाकीचे मुद्दे नंतर जमले.

आता जमलेले मुद्दे पाहू, कारण त्यांच्यावरूनच दिवाळीत फराळाची थाळी उलटी झाली.

अल्फ्रिकनं तरुण राजा टोरिग याला सॉलिट्यूडच्या राजवाड्यात जाऊन द्वंद्वाचं आव्हान दिलं आणि मारलं. मारलं ते नुसत्या तलवारीनं नाही. अल्फ्रिक लहानपणी डोंगरावरच्या मुनींकडं शिकलेला, त्यामुळं त्याला आवाजानं माणूस उडवायची विद्या येते. एक शब्द ओरडला की समोरचा आडवा. तर हे द्वंद्व, की खून?

"आव्हान दिलं, त्यानं स्वीकारलं, रीत जुनी आहे," भाचा म्हणतो. "विषय संपला."

"साक्षीदार काय म्हणतात ते बघ," वकील म्हणतात. "दरबारातली जादूगारीण सिबिल स्टेंटर सांगते, की टोरिगला अल्फ्रिकबद्दल आदर होता. नीट विचारलं असतं, तर त्यानं स्वतःच साम्राज्याशी काडीमोड घेतला असता. विचारलं का? नाही. सरळ ओरडला."

"वकीलकाका, तुमची ती साक्षीदार रक्तपिपासू आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे व्हॅम्पायर आहे. रात्री कैद्यांचं रक्त पिते."

वकील जरा थांबले. मग चष्मा पुसत म्हणाले, "आहारावरून साक्ष नाकारता येत नाही."

त्यावर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "भीमानंही मांडीवरच गदा मारली होती." आमच्या घरात महाभारत मध्ये आलं की खटला थांबतो असा समज होता. तो त्या दिवशी खोटा ठरला. भाचा म्हणाला, "बघा, भीमानं नियम मोडला तरी तो नायकच!" वकील म्हणाले, "बघ, बलराम नांगर उगारून धावला होता की नाही?" पंधरा मिनिटांत अल्फ्रिक आणि टोरिग बाजूला पडले आणि दोघं दुर्योधनाच्या मांडीवरून हमरीतुमरीवर आले. डॉक्टरांनी दोघांना एकेक करंजी तोंडात द्यायचा प्रयत्न केला, आणि त्या नादात थाळी.

कागदोपत्री पुरावाही आहे. थाल्मोरांच्या वकिलातीतल्या मेजवानीत चोरून शिरलं की अल्फ्रिकची त्यांनी ठेवलेली फाइल हाती लागते. मोठ्या युद्धात तो कैद झाला होता, त्याला छळलं, त्याच्याच बोलण्यामुळं राजधानी पडली असा त्याचा समज करून दिला आणि सोडला. फाइलमध्ये त्याची नोंद 'आपल्या उपयोगाचा माणूस' अशी आहे. आणि त्याच फाइलमध्ये पुढं असंही आहे, की बंडखोर जिंकणंसुद्धा आपल्याला परवडणार नाही, युद्ध नुसतं चालू राहिलं पाहिजे. वकिलांनी या फाइलची छापील प्रत काढून पाकिटात ठेवली आहे. ते सुरुवातीचा भाग वाचून दाखवतात, भाचा शेवटचा. मधला परिच्छेद अजून कोणी वाचलेला नाही.

मग भाच्याची अडचण येते ती विंडहेल्म. ही अल्फ्रिकची राजधानी. दगडी पूल ओलांडून आत शिरावं तर पहिल्याच वळणावर दोन गावगुंड एका करड्या कातडीच्या एल्फ बाईला दमात घेत उभे. या बाईची माणसं ज्वालामुखीनं देश उद्ध्वस्त केल्यावर आसऱ्याला आली. त्यांना शहराच्या कोपऱ्यातल्या अंधाऱ्या गल्ल्यांत ठेवलं आहे. सरड्यासारख्या दिसणाऱ्या आर्गोनियन लोकांना तर वेशीच्या आतच घेत नाहीत, त्यांनी धक्क्यावर माल उचलायचा आणि तिथंच झोपायचं. वकील इथं काही बोलत नाहीत. नुसता गेम तिथं थांबवून ठेवतात आणि चहाला जातात. त्या गल्लीचं चित्र आमच्या टीव्हीवर अर्धा अर्धा तास तसंच असतं. भाचा त्याच्याकडं बघत बसतो आणि मग म्हणतो, "युद्ध संपल्यावर सुधारेल." वकील आतून ओरडतात, "सुधारत नाही, मी बघितलंय!" आणि खरंच सुधारत नाही. अल्फ्रिक जिंकला तरी ती गल्ली तशीच राहते. साम्राज्य जिंकलं तर तिथं एक सज्जन म्हातारा सरदार होतो, करड्या लोकांचा कैवारी म्हणून प्रसिद्ध असलेला. पण गल्ली तशीच.

डॉक्टर या वादात कधी पडत नाहीत, कारण त्यांचा मुद्दा मुळावरच घाव घालणारा आहे. "दोघंही परके," त्या म्हणतात. "मार्कार्थच्या डोंगरात फोरस्वॉर्न लोक आहेत बघा. ते म्हणतात जमीन आमची. त्यांच्याकडून नॉर्डांनी घेतली, नॉर्डांकडून साम्राज्यानं. अल्फ्रिकनं मार्कार्थ सोडवलं म्हणजे काय केलं? ज्यांचं होतं, त्यांच्याकडूनच सोडवलं."

"फोरस्वॉर्न दिसता क्षणी मारायला धावतात," भाचा म्हणाला.

"घरात घुसल्यावर तू काय चहा टाकतोस?"

पण एका शनिवारी डॉक्टर स्वतःच अडकल्या. कारण फोरस्वॉर्नांच्याही आधी, नॉर्डांच्याही आधी, स्कायरिममध्ये हिमएल्फ होते. त्यांना नॉर्डांनी हाकलून दिलं. ते बिचारे जमिनीखाली राहणाऱ्या ड्वेमर लोकांकडं आसऱ्याला गेले, तर त्यांनी त्यांना आंधळं करून गुलाम केलं. त्यांचेच वंशज म्हणजे गुहेतले ते लिबलिबीत, आंधळे, विषारी बाण मारणारे फाल्मर. म्हणजे जमिनीची खरी मालकी त्यांच्याकडं. डॉक्टरांनी हे न्यायबुद्धीनं मान्य केलं आणि आपण यापुढं फाल्मरांना मारणार नाही असं जाहीर केलं. मग त्याच रात्री त्या एका गुहेत शिरल्या. जाहीरनामा गुहेच्या पहिल्या वळणापर्यंत टिकला. राहता राहिले ड्वेमर. ती सगळी जमात एका दिवशी एका क्षणात नाहीशी झाली. कुठं गेली, कोणाला पत्ता नाही. वकिलांच्या मते या संपूर्ण प्रकरणात ज्यांना कायद्याचं ज्ञान होतं असे तेवढेच.

आता माझ्याबद्दल. मी तटस्थ असल्यामुळं दोन्ही बाजूंना माझ्या नैतिक पातळीबद्दल शंका आहे. ती रास्त आहे, पण त्यांना वाटते त्या कारणानं नाही.

स्कायरिममधल्या दुकानात चोरी करायची एक रीत आहे. दुकानदार गल्ल्याशी उभा असतो. आपण शांतपणे एक बादली उचलायची आणि त्याच्या डोक्यावर नीट पालथी घालायची. हाताला जरा सवय लागते, नाहीतर ती नाकावर अडकते. एकदा ती खांद्यापर्यंत बसली, की त्याला दिसायचं बंद. तो डोक्यावर बादली घेऊन तसाच उभा राहतो, मध्येच 'काही हवंय का' म्हणतो, आणि आपण त्याच्या डोळ्यांदेखत, म्हणजे डोळ्यांदेखत नाही, फळीवरचा सगळा माल झोळीत भरतो. चीजचे गड्डे, कोबी, चमचे. मला या चमच्यांचा काहीही उपयोग नाही. मी व्हाइटरन शहरातल्या माझ्या घरात त्यांचा ढीग घातला आहे. धर्मस्वातंत्र्य मोठं की राष्ट्राची एकता, यावर माझं मत मागायला येणारी मंडळी हे सगळं करूनच येतात. वकिलांनी तर एकदा बादलीतल्या दुकानदाराशी भावावरून घासाघीस केली होती.

तिथला दंडसंहितेचा प्रकारही बघण्यासारखा आहे. खून केला की हजार मोहरा दंड. पहारेकऱ्याच्या हातावर ठेवल्या, की आपण निर्दोष. दंड भरायचा नसेल तर शेजारच्या सुभ्यात जावं, तिथं आपलं नाव स्वच्छ असतं. कोंबडीला मात्र हात लावू नये. रिव्हरवुड गावात मी एकदा तलवार परजून बघत होतो, मध्ये कोंबडी आली. सुतार, लोहार, दुकानदार, दुकानदाराची बहीण, सगळं गाव हातात मिळेल ते घेऊन माझ्या मागं नदीपर्यंत. ड्रॅगन आला तेव्हा यातले निम्मे घरात लपले होते.

आणि सम्राट. हे मी आजवर वकिलांना सांगितलेलं नाही. इथं सांगतो, कारण ते विनोदी लेख वाचत नाहीत. गेममध्ये मारेकऱ्यांचा एक संघ आहे. त्यात भरती झालं की कामं मिळतात, आणि शेवटचं मोठं काम म्हणजे खुद्द सम्राट टायटस मीड दुसरे यांचा खून. ते सॉलिट्यूडजवळ समुद्रात नांगरलेल्या जहाजावर असतात. वृद्ध गृहस्थ. आपण दारातून आत गेलो तर घाबरत नाहीत, 'तुम्ही येणार हे माहीत होतं' अशा सुरात बोलतात. काम देणारा त्यांच्याच मंत्रिमंडळातला. बिदागी वीस हजार मोहरा. मी ते काम केलं. त्या वेळी माझ्या अंगावर साम्राज्याच्या लष्करातल्या लेगेटचा गणवेश होता, कारण मी त्याच आठवड्यात तिथंही बढती मिळवली होती. दुसऱ्या दिवशी छावणीत हजर झालो. मला वाटलं, निदान एखादा प्रश्न विचारतील. जनरल टुलियस नकाशावर वाकून उभे होते. पुढचं काम सांगितलं आणि गेले.

तटस्थता म्हणतात ती ही.

बाजूंमधला फरक शोधायला गेलं, की असेच पेच येतात. खानावळीतले गवई बंडखोरांसाठी एक गाणं म्हणतात आणि साम्राज्यासाठी दुसरं. चाल एकच. शब्द बदलायचे, पैसे तेच. मोहिमाही जोडीजोडीनं काढलेल्या: इकडून गेलात तर किल्ल्यातले आपले कैदी सोडवा, तिकडून गेलात तरी किल्ल्यातले आपले कैदी सोडवा. बनावट पत्र पोचवायची कामगिरी दोन्हीकडं. एका थडग्यातून जुना मुकुट आणायला दोन्ही फौजा एकाच दिवशी निघतात, आणि मुकुट हाती आल्यावर तो घेऊन विरुद्ध छावणीत गेलं तरी तिथं हसतमुखानं स्वागत होतं. भाच्यानं एकदा हे केलं होतं, 'बघू तरी काय होतं' म्हणून. वकिलांनी त्याला उभं राहून मिठी मारली. पुढच्या शनिवारी त्यानं जुनं सेव्ह उघडलं तेव्हा वकिलांचा चेहरा बघवत नव्हता.

पण खरा स्फोट दिवाळीनंतर झाला, व्हाइटरनच्या वेढ्यात.

व्हाइटरनचा सरदार बालग्रूफ हा माझ्यासारखा कुंपणावरचा माणूस. आईचा तो लाडका. तो सिंहासनात सरळ बसत नाही, कलंडून, एका कोपरावर भार टाकून बसतो. "आमचे थोरले अण्णा अस्सेच बसायचे," आई म्हणते. "कामाचा कंटाळा, पण मनानं मोठे." बालग्रूफ दिसला की ती सोलणं थांबवून टीव्हीसमोर येऊन बसते. तर अल्फ्रिक त्याच्याकडं आपली कुऱ्हाड पाठवतो. ठेवून घेतली तर मैत्री, परत पाठवली तर युद्ध. बालग्रूफ परत पाठवतो. आणि मग बंडखोर व्हाइटरनवर चालून जातात, जळते गोळे तटबंदीवर पडतात, आणि खेळणारा शेवटी थेट त्याच्या दरबारात शिरून त्याला शरण आणतो.

भाचा हे आमच्या टीव्हीवर करत होता आणि आई दारात उभी होती.

"तो अण्णांसारखा बसणारा ना रे?"

भाचा गडबडला. "आजी, मारला नाही. शरण आलाय. पुढं सॉलिट्यूडला सुखात राहतो."

"घर सोडून?"

"राजवाड्यात राहतो, आजी."

"स्वतःचं घर सोडून," आई म्हणाली आणि आत गेली. त्या रात्री सगळ्यांना चहा आला, भाच्याला आला नाही. वकिलांनी हा साम्राज्याचा नैतिक विजय मानला आणि आपल्या बशीतलं अर्धं बिस्किट त्याच्यापुढं केलं. ते बिस्किट म्हणजे मानहानी, असं भाच्याचं म्हणणं. तेव्हापासून निरोप माझ्यामार्फत.

महिनाभर हे सोसल्यावर मी तहाची बैठक बोलावली. कल्पना गेममधलीच. ड्रॅगनचा बंदोबस्त करायचा तर आधी युद्ध थांबायला हवं, म्हणून डोंगरमाथ्यावर मुनींच्या मठात सगळ्यांना एका मेजाभोवती बसवतात. टुलियस, अल्फ्रिक, दोघांचे सेनापती, टोरिगची विधवा राणी. आणि बसल्या बसल्या पहिलं भांडण कोणी कुठं बसायचं यावरून नव्हे, तर बसायचं कोणी यावरून होतं. थाल्मोरांची राजदूत तिथं आलेली असते आणि अल्फ्रिक म्हणतो, ही असेल तर मी चाललो.

आमच्याकडंही तसंच झालं. वकील म्हणाले, डॉक्टर दोन्ही पक्षांच्या विरुद्ध आहेत, त्यांना बैठकीत जागा नको. डॉक्टर म्हणाल्या, वकिलांची डावी दाढ कोणाकडं आहे ते त्यांनी विसरू नये. जागा मिळाली. मग गेममध्ये जसं 'मार्कार्थ द्या, रिफ्टन घ्या' चालतं, तसं सुरू झालं. वकिलांनी हेल्गनची यादी चुकली हे कबूल करावं, भाच्यानं द्वंद्वात ओरडणं गैर हे कबूल करावं. वकील म्हणाले, आधी त्यानं. भाचा म्हणाला, मामा, त्यांना सांगा, आधी त्यांनी. मी सांगितलं. विंडहेल्मची गल्ली भाच्यानं सोडली, त्या बदल्यात वकिलांनी रक्तपिपासू साक्षीदार मागं घेतली. बलराम दोन्ही बाजूंनी वगळण्यात आला. बालग्रूफच्या बाबतीत भाच्यानं आईची माफी मागितली. ती तिनं अण्णांच्या वतीनं स्वीकारली आणि चहा पूर्ववत झाला.

इथं उठलो असतो तर बरं होतं. पण डॉक्टरांनी सहज विचारलं, "मग पार्थुरनाक्सचं काय?"

पार्थुरनाक्स हा म्हातारा ड्रॅगन. त्या डोंगराच्या शेंड्यावर राहतो, मुनींचा गुरू. एके काळी माणसांचा कर्दनकाळ असलेल्या अल्दुइनचा उजवा हात होता, त्यानं काय काय केलं त्याला सुमार नाही. मग माणसांच्या बाजूला आला, आणि हजारो वर्षं तिथं बसून स्वतःचा स्वभाव आवरतो आहे. ड्रॅगनशिकाऱ्यांचा एक संघ आहे, तो आपल्याला सांगतो: याला मार, नाहीतर आमची मदत बंद. गेममध्ये त्यांना 'मी नाही मारणार, तुम्ही गप्प बसा' असं ठणकावून सांगायची सोय नाही. ती इतकी नव्हती, की लोकांनी ती घरी बसून स्वतः तयार केली आणि गेमला जोडली.

"मारायचा," डॉक्टर म्हणाल्या. "मी तर मारला."

"काय?" वकील आणि भाचा एकदम म्हणाले. महिन्याभरात दोघांच्या तोंडून पहिल्यांदाच एक शब्द एकत्र निघाला होता.

"पश्चात्ताप झाला म्हणून गुन्हा पुसला जातो का?"

"अहो, हजारो वर्षं झाली," वकील म्हणाले. "मुदतीचा कायदा..."

"खुनाला मुदत नसते, हे तुम्हीच अल्फ्रिकच्या वेळी सांगितलंत."

वकिलांनी भाच्याकडं पाहिलं. भाचा सरकून त्यांच्या बाजूला बसला. मला पलीकडं, डॉक्टरांच्या शेजारी जावं लागलं. "वकीलकाका, तुम्ही बोला," तो म्हणाला. "तो ध्यानाला बसतो हे सांगा. आपल्याला शब्द शिकवतो हे सांगा."

"शिकवणी घेतो म्हणून शिक्षा माफ?" डॉक्टर म्हणाल्या. "मग आमच्या गल्लीतले सगळे क्लासवाले..."

वकिलांनी हात वर करून पुढची तारीख मागितली. पुरावे जमवायला वेळ हवा, शिवाय त्यांचा एक मावसभाऊ पार्थुरनाक्सच्या बाजूचा आहे, त्यालाही आणतील. डॉक्टर म्हणाल्या, मग त्यांच्या दवाखान्यातल्या दोन मुली येतील, दोघी ड्रॅगनच्या विरुद्ध. भाच्यानं विचारलं, हॉस्टेलवरचे दोघं आणू का? मी माझ्या तटस्थतेबद्दल काही बोलणार होतो, पण कोणी माझ्याकडं बघत नव्हतं.

आई दारात येऊन बोटं मोजत होती.

"शनिवार आहे, उपास असतो," ती म्हणाली. "ड्रॅगनकडचे किती आणि विरुद्धचे किती ते आजच सांगा, म्हणजे त्या बेतानं साबुदाणा भिजवते."